मागच्या सीटवरून आखलेला बेत: चिली-पेरूचं किनारी वाळवंट दोघांनी एका बाईकवर कसं पार करावं

चिलीतल्या कोपियापोहून आन्तोफागास्ता साडेपाचशे किलोमीटर आहे. रस्ता उत्तम, वाहतूक तुरळक, नकाशावर जवळजवळ सरळ रेघ. आम्ही ते अंतर एका दिवसात उरकायचं ठरवलं. संध्याकाळी लॉजच्या दारात मी बाईकवरून उतरले आणि मला उभंच राहता येईना. कमरेखालचं सगळं बधिर झालं होतं, उजवा गुडघा वळत नव्हता. नवरा दमला होता, पण चालत-बोलत होता. चालवणारा फूटरेस्टवर उभा राहतो, हँडलवर भार टाकतो, वाऱ्याचा झोत येताना त्याला आधी दिसतो. मागे बसणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. त्या रात्री आम्ही उरलेला सगळा प्रवास नव्याने आखला, आणि या वेळी मागच्या सीटवर काय झेपेल हे धरून आखला. पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्यांसाठी तोच बेत इथे क्रमाने लिहिते आहे.

पायरी १: दिशा ठरवा

चिलीच्या ला सेरेनाच्या उत्तरेपासून पेरूची राजधानी लिमा ओलांडून पुढेपर्यंत, समुद्राला लागूनच वाळवंट आहे. समुद्र शेजारी असून वाळवंट कसं, हा प्रश्न कोकण पाहिलेल्या माणसाला पडतोच. अंटार्क्टिकाच्या बाजूने वर येणारा हम्बोल्ट प्रवाह पाणी इतकं गार ठेवतो की त्यावरची हवा वर उचलली जात नाही. तिचं धुकं होतं, पाऊस होत नाही. पूर्वेकडचा ओलावा अँडीज पर्वत अडवतो. चिलीच्या अरिका शहरात ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ असे सलग १७३ महिने पावसाचा थेंब पडला नव्हता. हा जागतिक विक्रम आहे.

या किनाऱ्यावर वारा बहुतेक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो, आणि दुपारी त्याला जोर चढतो. बहुतेक लोक लिमाला उतरून खाली दक्षिणेला जायला निघतात आणि तीन हजार किलोमीटर वारा छातीवर घेतात. दोघं बसलेल्या, मागे पेट्या लावलेल्या बाईकला त्याने पेट्रोल जास्त लागतं आणि मान दुखते ती वेगळीच. म्हणून माझं म्हणणं असं की सान्तियागोहून सुरुवात करा आणि लिमाला संपवा. वारा पाठीशी राहतो.

एक गोष्ट मात्र मनात पक्की करून ठेवा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला वर्षातला बराच काळ दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. म्हणजे उत्तरेला जाताना, विशेषतः मे ते ऑगस्टमध्ये, भर दुपारी ऊन थेट डोळ्यांवर येतं. हेल्मेटला आत उतरणारी काळी काच हवीच, आणि ती दोघांच्या हेल्मेटला हवी.

सान्तियागो ते लिमा, खाली दिलेल्या किनाऱ्याच्या वळणांसकट, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास पडतं. वीस-एकवीस दिवस घ्या. पंधरा दिवसांत होत नाही असं नाही, पण मग तुम्ही फक्त रस्ता बघाल.

पायरी २: महिना निवडा

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जानेवारी ते मार्च टाळा. किनारा तेव्हाही कोरडाच असतो, पण अँडीजमध्ये पाऊस पडतो आणि कोरड्या नाल्यांतून चिखल-दगडांचे लोंढे खाली येतात. पेरूमध्ये त्यांना ‘वायको’ म्हणतात. मार्च २०१५मध्ये कोपियापो आणि चान्यारल भागात असाच हाहाकार उडाला, मार्च २०१७मध्ये पेरूच्या किनाऱ्यावर. जून ते सप्टेंबरमध्ये धुकं आणि ओलसर थंडी. पेरूचा राष्ट्रीय दिन २८ जुलै आणि चिलीचा १८ सप्टेंबर. त्या आठवड्यांत राहायला जागा मिळणं अवघड.

पायरी ३: कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर चिलीचा व्हिसा आधी काढा. त्याला वेळ लागू शकतो आणि बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. पेरूच्या बाबतीत, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असेल तर भारतीय पर्यटकाला वेगळा व्हिसा लागत नाही. तरी निघण्याआधी दोन्ही वकिलातींच्या संकेतस्थळावर ताजा नियम वाचा.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतून मिळतो, एक वर्ष चालतो. शक्य असेल तर दोघांनीही काढा. नवऱ्याचं पोट बिघडलं त्या दिवशी माझ्या परवान्यामुळे बाईक मी चालवली. नाहीतर तो दिवस पंपाच्या ओसरीवर गेला असता.

स्वतःची बाईक जहाजाने नेण्याच्या फंदात पहिल्या वेळी पडू नका. चिली-पेरूला कार्ने (गाडी सीमेपार नेण्यासाठीचं कस्टमचं हमीपत्र) लागत नाही हे खरं, पण भाडं, बंदरातले दिवस आणि दलालांचा खर्च धरला तर तीन आठवड्यांच्या प्रवासाला ते परवडत नाही. भाड्याची बाईक घ्या. दुकानदाराला पहिल्याच पत्रात तीन गोष्टी विचारा: बाईक पेरूमध्ये नेता येईल का, सान्तियागोत घेऊन लिमात सोडता येईल का आणि त्याचे किती, आणि देशाबाहेर नेण्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र तो देईल का. हे संमतीपत्र नसेल तर सीमेवरून परत फिरावं लागेल. लिमात सोडायची सोय नसेल तर अरिकापर्यंत जाऊन परत या. वाळवंटाचा मोठा भाग तेवढ्यातही होतो.

चिलीचा सक्तीचा विमा पेरूमध्ये चालत नाही. पेरूचा विमा ‘सोआत’ या नावाने ओळखला जातो आणि तो सीमेपलीकडे ताक्ना शहरात विकत घेता येतो. तो घेतल्याशिवाय ताक्नाबाहेर पडू नका.

पायरी ४: बाईक आणि वजन

अडीचशे ते साडेचारशे सीसीची बाईक पुरे. रस्ता जवळजवळ सगळा डांबरी आहे. सीसीपेक्षा दोन गोष्टी जास्त बघा: मागची सीट किती रुंद आहे आणि कमाल भार किती लिहिला आहे. आमचा हिशेब असा होता: दोघांचं वजन १३०, हेल्मेट-जॅकेट-बूट १४, पाणी ८, जादा पेट्रोलचा कॅन ४, सामान २८. एकूण १८४ किलो. बऱ्याच मध्यम बाईकची मर्यादा इथेच संपते. म्हणून सामान कमी करण्यावाचून इलाज नाही. दोघांत एक टूथपेस्ट, एक चार्जर, प्रत्येकी तीन जोड कपडे.

दुकानातून निघण्याआधीच, दोघांनी बसून, सामान लावून, मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवून घ्या आणि मागच्या टायरची हवा दोन माणसांच्या आकड्यावर आणा. हेडलाइटचा झोत वर जातो, तोही खाली करून घ्या. सगळ्यात जड वस्तू दोन्ही बाजूच्या पेट्यांच्या तळाशी, पुढच्या अंगाला. वरच्या पेटीत हलकं तेवढंच. तिथे वजन टाकलं की वाऱ्यात पुढचं चाक हलकं होतं आणि ते पहिल्यांदा मागे बसणाऱ्याला जाणवतं.

वाळूत चेनला भरपूर तेल घालू नका. तेलकट चेनवर वाळू बसून कानसीसारखी घासते. रोज संध्याकाळी कोरड्या ब्रशने साफ करायची आणि हलका हात फिरवेल एवढंच वंगण. एअर फिल्टर दर पाच-सहा दिवसांनी उघडून झटका. पंक्चरचं सामान आणि छोटा पंप जवळ असू द्या. पंक्चर काढणाऱ्याला चिलीत ‘वुल्कानिसासियोन’ची पाटी शोधा, पेरूत ‘यान्तेरिया’ची.

पेरूत शिरल्यावर एक सुखद गोष्ट दिसेल. गावोगावी धावणाऱ्या तीनचाकी मोतोताक्सींवर बजाजचं नाव आहे. पल्सरही खूप आहेत. त्यामुळे छोट्या गावातल्या मेकॅनिकलाही भारतीय गाड्या परक्या नाहीत. चाकण-वाळूजच्या कारखान्यांचं नाव सांगितलं की गप्पा सुरू होतात, आणि मग क्लचची केबल बदलताना खुर्चीही पुढे केली जाते.

पायरी ५: घरी सराव

निघण्याच्या दोन महिने आधी, सगळं सामान लादून, सलग तीन दिवस रोज तीनशे किलोमीटर चालवा. पुण्याहून रत्नागिरी, तिथून गोवा, मग परत घाटावर असं काहीही. शक्य तर मे महिन्यात. तिसऱ्या दिवशी मागे बसणाऱ्याला काय दुखतं ते लिहून ठेवा. माझं माकडहाड आणि उजवा गुडघा दुखत होता. सीटवर टाकायची जाळीदार गादी आणि मागच्या पेटीला टेकण्यासाठी उशी लावल्यावर अर्धा त्रास गेला. फूटरेस्ट दोन इंच खाली करता आला तर उरलेला अर्धाही जातो.

ब्लूटूथ इंटरकॉम घ्या. त्याशिवाय हा प्रवास करू नका असं मी म्हणेन. शब्द कमी आणि ठरलेले ठेवा: ‘थांब’ म्हणजे पुढच्या सुरक्षित जागी, ‘आत्ता’ म्हणजे लगेच. मागच्याने ‘थांब’ म्हटल्यावर का असं विचारायचं नाही, हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला आणि शेवटपर्यंत पाळला.

तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. मोठ्या रस्त्यावर चूक होत नाही. चूक होते ती पेट्रोल भरून रिकाम्या रस्त्यावर परत येताना, जेव्हा समोर दुसरं वाहन नसतं. म्हणून बाईक हलताना दर वेळी मागून मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं. वीस दिवस म्हणायचं, शेवटच्या दिवशीसुद्धा.

पायरी ६: रोजचा हिशेब

साधारण तीनशे किलोमीटर ही वरची मर्यादा. ऐंशी किलोमीटरला पाच मिनिटं उतरायचंच. सकाळी सातला निघून दुपारी दोनपर्यंत मुक्कामी. त्यानंतर वारा आणि वाळू सुरू होते. पाच दिवसांनी एक पूर्ण दिवस बाईकला हात लावायचा नाही.

पेट्रोलसाठी: टाकी १५ लिटरची आणि दोघं असताना लिटरला २५ किलोमीटर पडत असतील तर कागदावर ३७५ होतात. त्यातून एक चतुर्थांश वाऱ्या-चढाचे वजा करा. म्हणजे २८०. दोन पंपांमधलं अंतर याच्या जवळ जात असेल तर पाच लिटरचा कॅन भरून घ्या. वाळवंटात ‘अर्धी टाकी आहे, पुढे बघू’ म्हणायचं नाही. पंप दिसला की भरायचं. चिलीत पेट्रोलला ‘बेन्सीना’ म्हणतात, ते लिटरवर मिळतं, ९३, ९५ आणि ९७ ऑक्टेनचं. पेरूत पंपाला ‘ग्रीफो’ म्हणतात आणि भाव गॅलनचा असतो. एक गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. पाटीवरचा आकडा बघून दचकू नका.

आता पाण्याबद्दल, आणि हे मी बायकांसाठी मुद्दाम लिहिते. सुरुवातीच्या दिवसांत मी पाणी कमी प्यायले, कारण शौचालय कुठे मिळेल याची खात्री नव्हती. तिसऱ्या दिवशी डोकं इतकं ठणकलं की हेल्मेट घालवेना. हवा इतकी कोरडी असते की घाम दिसतच नाही, तो त्वचेवरच उडून जातो. दोघांत दिवसाला किमान सात-आठ लिटर पाणी बाळगा आणि प्या. चिलीतल्या मोठ्या पंपांवर शौचालयं स्वच्छ आहेत, तिथे प्रत्येक वेळी जाऊन या. मधल्या ओसाड पट्ट्यात झुडूपसुद्धा नसतं. बाईक आडवी लावायची, तिच्यावरून एक गडद ओढणी टाकायची आणि जोडीदाराने रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं. वापरलेले कागद आणि पॅड पिशवीत घालून बरोबर न्यायचे. तिथे काहीच कुजत नाही. पेरूत शौचालयातला कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो, आणि स्वतःचा कागद जवळ असलेला बरा.

पायरी ७: रस्ता, टप्प्याटप्प्याने

सान्तियागो विमानतळावर उतरतानाच पहिली परीक्षा असते. चिलीची कृषी खात्याची तपासणी अतिशय कडक आहे. फळं, बिया, मध, दुधाचे पदार्थ यांवर बंदी किंवा बंधनं आहेत. मेतकूट, मसाला, चटणी काहीही असेल तर जाहीरनाम्यात ‘हो’ लिहा आणि काढून दाखवा. जाहीर केलेली वस्तू नाकारली तर फक्त ती जाते. लपवलेली सापडली तर दंड होतो. विमानात मिळालेलं सफरचंदसुद्धा विसरू नका.

सान्तियागो ते ला सेरेना ४७० किलोमीटर, दोन दिवसांत करा, लोस विलोसला मुक्काम. इथे चौपदरी महामार्ग आहे आणि बाईकलाही टोल लागतो. दिवसाही हेडलाइट चालू हवा. ला सेरेनाच्या दक्षिणेला फ्राय खोर्खे नावाचं राखीव जंगल आहे. पाऊस जेमतेम, पण समुद्रावरून येणाऱ्या धुक्याच्या थेंबांवर ते टिकून आहे. या धुक्याला ‘कामांचाका’ म्हणतात. पुढचे दोन आठवडे सकाळी सात ते नऊ ते तुमच्या काचेवर असणार आहे. हातमोज्याच्या तर्जनीवर काच पुसायला रबर असेल असेच हातमोजे घ्या.

ला सेरेना ते कोपियापो सव्वातीनशेच्या वर. मध्ये वायेनारला थांबून दोन भाग केलेत तर बरं. एल निन्योच्या वर्षांत थोडा पाऊस झाला तर सप्टेंबर-ऑक्टोबरात याच पट्ट्यात वाळवंट फुलांनी भरतं. ते नशिबात असलं तर बाईक रस्त्यावरच ठेवून पायी बघा.

कोपियापोहून काल्देरा आणि चान्यारल. आता आमची चूक करू नका. चान्यारलला किंवा ताल्तालला मुक्काम करा. चान्यारलच्या उत्तरेला पान दे आसूकार राष्ट्रीय उद्यान आहे, किनाऱ्यावर निवडुंग आणि बेटावर हम्बोल्ट पेंग्विन. ताल्ताल ते आन्तोफागास्ता सुमारे ३०० किलोमीटर. हा सगळ्यात सुनसान भाग आहे. महामार्गावर आगुआ वेर्देला पंप आहे, तिथे भरा. आन्तोफागास्ताच्या अलीकडे सुमारे ७५ किलोमीटरवर वाळूतून वर आलेला ११ मीटर उंच हात दिसतो. मारियो इरारासाबाल या शिल्पकाराने १९९२मध्ये उभारलेला. शंभर वेळा फोटो पाहिलेला असूनही, चार तास काहीच न दिसल्यानंतर तो हात समोर आला तेव्हा आम्ही दोघंही गप्प झालो.

रस्त्याकडेला छोटी देवळं दिसतील, त्यांना ‘आनिमिता’ म्हणतात. अपघातात गेलेल्यांच्या आठवणीसाठी ती बांधलेली असतात. काही ठिकाणी पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांचा ढीग असतो. तो दिफुन्ता कोर्रेआ या वाळवंटात तहानेने गेलेल्या बाईला वाहिलेला नैवेद्य आहे. त्या बाटल्यांना हात लावू नका.

आन्तोफागास्ताहून इकिकेला जायला दोन वाटा आहेत. महामार्ग ५ आतून, ट्रकने भरलेला. किनाऱ्याचा मार्ग १ एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सरळ उभा कडा घेऊन जातो. किनाराच घ्या. एकूण सव्वाचारशे किलोमीटर, तोकोपियाला मुक्काम. तोकोपिया ते इकिके सुमारे २३० किलोमीटरमध्ये पंपाचा भरवसा धरू नका. तोकोपियाला टाकी काठोकाठ भरा. वाटेत लोआ नदीचं मुख लागतं. चिलीतली सगळ्यात लांब नदी, पण समुद्राला मिळताना ओढ्याएवढी. तिथे कस्टमची चौकी आहे.

इकिकेत विश्रांतीचा दिवस. हे मुक्त व्यापार क्षेत्राचं शहर आहे, टायर झिजला असेल तर इथे बदला. जवळच हम्बरस्टोन आणि सान्ता लॉरा ही सोरा (खतासाठी आणि दारूगोळ्यासाठी लागणारं खनिज) खाणींची ओसाड गावं आहेत, २००५पासून जागतिक वारशात. पत्र्याची घरं, नाटकगृह, पोहण्याचा लोखंडी हौद, सगळं जसंच्या तसं. याच सोऱ्यासाठी १८७९ ते १८८४ चिलीने पेरू आणि बोलिव्हियाशी युद्ध केलं. इकिके आणि अरिका तेव्हा पेरूची होती. ताक्ना १९२९मध्ये पेरूला परत मिळालं, अरिका चिलीकडे राहिलं. दोन्हीकडच्या लोकांशी बोलताना एवढं माहीत असलेलं बरं. हा विषय तुम्ही काढू नका.

१ एप्रिल २०१४ला इकिकेजवळ ८.२ तीव्रतेचा भूकंप झाला. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात त्सुनामीच्या वेळी कुठे पळायचं त्याच्या पाट्या आहेत. खोली घेतल्यावर चहाच्या आधी ती वाट दोघांनी चालून बघायची.

इकिके ते अरिका ३१० किलोमीटर, आणि माझ्या मते या प्रवासातला सगळ्यात कठीण दिवस. पोसो आल्मोंतेला टाकी आणि कॅन दोन्ही भरा. पुढे सुमारे अडीचशे किलोमीटर भरवशाचा पंप नाही. तिलिविचे, चिसा, कामारोनेस, चाका अशा खोल दऱ्या एकामागून एक येतात. रस्ता पठारावरून शेकडो मीटर खाली उतरतो आणि लगेच तेवढाच चढतो. अवजड ट्रक पहिल्या गिअरमध्ये असतात. उतारावर ब्रेक धरून ठेवू नका, गिअर खाली टाका. दोन माणसांच्या वजनाने ब्रेक तापतात. मागे बसणाऱ्याने मांड्यांनी टाकी नाही, तर स्वारालाच दोन्ही बाजूंनी घट्ट धरावं आणि वळणावर त्याच्याच खांद्यावरून बघावं, उलट बाजूला कलू नये. दरीच्या तळाशी हिरवी पट्टी आणि दोन घरं असतात. तिथे थांबा.

अरिकात सान मिगेल दे आसापाच्या संग्रहालयात चिंचोर्रो लोकांच्या ममी आहेत. सुमारे सात हजार वर्षं जुन्या, इजिप्तच्याही आधीच्या. मच्छीमार लोकांनी आपल्या लहान मुलांनाही तितक्याच मायेने जपलं होतं. एवढं बघून मी बाहेर येऊन बराच वेळ ऑलिव्हच्या झाडाखाली बसले.

पायरी ८: सीमा

अरिका ते ताक्ना पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सकाळी लवकर जा. चिलीचं ठाणं चाकायुता, पेरूचं सान्ता रोसा. सूत्र सोपं आहे: माणूस बाहेर, गाडी बाहेर, माणूस आत, गाडी आत. चारही नोंदी झाल्या का ते मोजा. वाहनातल्या प्रवाशांची यादी असलेला एक फॉर्म लागतो, तो आधी भरून ठेवा. बाईकसोबत एक जण थांबावा आणि एकाने कागद घेऊन फिरावं, हा दोघं असण्याचा मोठा फायदा इथे कळतो.

पेरूचं कस्टम तुम्हाला बाईक तात्पुरती आत आणल्याचा कागद देतं. त्यावरचा बाईकचा नंबर, चासी नंबर आणि शेवटची तारीख खिडकीसमोरच वाचा. आमच्या कागदावर एक आकडा चुकला होता आणि तो तिथेच दुरुस्त करून घेता आला. मुदत उलटली तर बाईक जप्त होऊ शकते. सीमा ओलांडली की घड्याळही मागे घ्यायचं, ऋतूप्रमाणे एक किंवा दोन तास.

पायरी ९: पेरूचा किनारा

ताक्नाहून मुख्य महामार्ग आत मोकेगुआकडे चढतो. किनाऱ्याचा नवा रस्ता इलो, मोयेंदो, मातारानी करत कामानाला जातो. वाहतूक नगण्य, पंपही तुरळक. पेट्रोलची काळजी घेणार असाल तर हाच घ्या.

पेरूतले किलोमीटरचे दगड लिमापासून मोजलेले आहेत. कामाना ८४०च्या आसपास, चाला ६१५, नाझ्का ४५०, इका ३००. आकडा रोज कमी होताना मागून मोजायला फार छान वाटतं. टोलनाक्यावर बाईकला बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत, उजव्या कडेची अरुंद वाट बघा.

कामाना ते चाला जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर, पण कड्याला चिकटलेला वळणांचा रस्ता आहे. घाई नको. ओकोन्या नदीची कोळंबी प्रसिद्ध आहे, चालाच्या पुढे याउका खोऱ्यातले ऑलिव्ह रस्त्याकडेला पिशव्यांतून विकतात. चाला ते नाझ्का या भागात, तानाकाजवळ, टेकड्यांवरची वाळू रस्त्यावर येते आणि यंत्रांनी बाजूला काढतात. डांबरावर वाळूची जीभ दिसली की आधीच वेग कमी करा, बाईक सरळ ठेवा, पुढचा ब्रेक सोडा. मागच्याने त्या क्षणी हलू नये, बोलूसुद्धा नये.

नाझ्काच्या रेषा पॅन-अमेरिकन महामार्गाच्या दोन्ही बाजूंना आहेत. रस्ता बांधताना एका सरड्याच्या आकृतीतून तो आरपार नेला गेला. शेजारच्या मनोऱ्यावरून ते दिसतं. जर्मन संशोधक मारिया राइखे यांनी आपलं आयुष्य या रेषा मोजण्यात आणि राखण्यात घालवलं. जानेवारी २०१८मध्ये एक ट्रक रेषांवर घुसला होता. इकिकेच्या दक्षिणेलाही जमिनीवरच्या प्राचीन आकृत्यांवर गाड्यांच्या चाकांच्या खुणा उठल्या आहेत. पाऊसच नसल्यामुळे इथे चाकाचा माग पिढ्यान्‌पिढ्या राहतो. फोटोसाठी म्हणूनही, दहा मीटरसुद्धा, बाईक रस्त्याखाली उतरवू नका. ही माझी कळकळीची विनंती आहे.

इकाजवळ वाकाचिना हे वाळूच्या डोंगरांमधलं तळं, आणि मग पराकास. तिथल्या वाऱ्याला ‘पराका’ म्हणतात आणि तो वाळू उचलून आणतो. बाईक भिंतीच्या आडोशाला लावा.

निदर्शकांनी महामार्ग अडवणं पेरूत नेहमीचं आहे. डिसेंबर २०२२-जानेवारी २०२३मध्ये अनेक दिवस वाहतूक बंद होती. रोज रात्री लॉजवाल्याला विचारा: ‘आय ब्लोकेओ?’ म्हणजे रस्ता अडवलाय का. अडवला असेल तर वाट काढायचा प्रयत्न करू नका, तिथेच मुक्काम वाढवा. म्हणूनच वेळापत्रकात दोन दिवस मोकळे हवेत.

खाण्यापिण्याबद्दल थोडं

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. सेविचे (लिंबाच्या रसात मुरवलेले कच्चे मासे) दुपारीच खा, पेरूतले लोकही रात्री खात नाहीत. शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने’ एवढं म्हणून भागत नाही, कारण ‘कार्ने’ म्हणजे त्यांच्या लेखी लाल मांस. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं पूर्ण म्हणा. पेरूत चिनी पद्धतीच्या ‘चिफा’ खानावळीत भाज्यांचा चाउफा भात कुठेही मिळतो. चिलीत चीजची एम्पानादा (करंजीसारखा पदार्थ) आणि पाव. दुपारचं ठरलेलं ताट, ‘मेनू’, स्वस्त आणि पोटभर असतं. चिलीत हॉटेलचं बिल डॉलरमध्ये किंवा परदेशी कार्डाने भरलं आणि पासपोर्ट व प्रवेशाचा कागद दाखवला तर नोंदणीकृत हॉटेलांत १९ टक्के कर माफ होतो. तो कागद जपा.

चिलीत पोलिसांसाठी १३३, रुग्णवाहिकेसाठी १३१. पेरूत पोलीस १०५, रुग्णवाहिका १०६. हे चार आकडे दोघांच्याही फोनमध्ये आणि जॅकेटच्या खिशात कागदावर लिहून ठेवा. चिलीच्या पोलिसांना पैसे देऊ करण्याचा विचारही करू नका, तो तिथे गंभीर गुन्हा आहे.

शेवटची पायरी: लिमात शिरणं

पराकास ते लिमा अडीचशे किलोमीटरच्या थोडं वर. रविवारी सकाळी शिरा, वाहतूक कमी असते. दोघांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: ऑक्टोबर २०२५मध्ये लिमा आणि शेजारच्या कायाओ बंदरात आणीबाणी लावली तेव्हा एका मोटारसायकलवर दोघांनी बसण्यावर बंदी घातली गेली. बंदूकधारी गुन्हेगार बाईकवर मागे बसून पळतात म्हणून. असा हुकूम तुम्ही जाल तेव्हा लागू आहे का हे इकातच विचारून घ्या. लागू असेल तर मागे बसणाऱ्याने इका किंवा पिस्कोहून बस धरावी. पेरूतल्या लांब पल्ल्याच्या बस आरामशीर आहेत. सामानाची एक पेटी बसमध्ये घ्या, म्हणजे शहरातल्या गर्दीत बाईकही हलकी राहते. भेटायची जागा आधी ठरवा, फोनची बॅटरी भरलेली ठेवा, आणि बाईक परत देण्याआधी ती धुऊन चारही बाजूंनी, दुकानदारासमोर, फोटो काढा. गादी, उशी आणि ओढणी काढून घ्यायला विसरू नका.